आधी जागा, मग काम

वणवा पाण्यानं विझवत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण मी सुटीला पुंडलिकनगरच्या घरी आले की गल्लीतलं कोणीतरी विचारतंच, "मग काय, टँकर घेऊन चढता का डोंगरावर?" ज्या उतारावर शेळीसुद्धा जपून पाय टाकते तिथं टँकर कुठून चढणार? आणि चढलाच, तर चैत्रात डोंगराखालच्या वाडीला प्यायला जे पाणी येतं ते मी गवतावर ओतलं, तर बायका आगीआधी मलाच विझवतील.

वणवा झोडपून विझवतात. धावड्याची नाहीतर करंजाची हिरवी, पानांनी भरलेली फांदी तोडायची आणि जिथं जळून काळं झालंय त्या बाजूला उभं राहून ज्वाळेची कड झोडपत पुढं सरकायचं. समोरून जायचं नाही. उतारावर आगीच्या वरच्या अंगाला तर कधीच उभं राहायचं नाही, कारण आग खाली उतरताना रमतगमत उतरते आणि वर चढताना पळत चढते. त्याच्याही आधीचं काम म्हणजे जाळरेषा. थंडी सरता सरता, गवत वाळलंय पण ऊन अजून तापलेलं नाही अशा दिवसांत, डोंगराच्या अंगावर एक रुंद पट्टा काढायचा. त्यातलं गवत कापायचं, पाचोळा झाडायचा, उरलंसुरलं माणसं उभी करून जाळून टाकायचं. पुढं वणवा आलाच तर त्या उघड्या पट्ट्यात त्याला खायला काही मिळत नाही. पण हे सगळं खरं, जर दहा माणसं वेळेवर पोचली तर. ठिणगी उडते, पट्टा ओलांडते, आणि तिथं फांदी घेऊन कोणी उभं नसेल तर वर्षभराची मेहनत गेली. माणसं वेळेवर पोचायची तर त्यांना वेळेवर कळायला हवं. माझ्या कामातलं निम्मं काम हे कळवण्याचं होतं. ते मला नीट यायला एक उन्हाळा लागला, आणि दुसऱ्या कोणाची तरी अकरा कोकरं लागली.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, अनुभव लिहायला माणूस निवृत्त लागतो ना? मी एकतीस वर्षांची आहे. ते म्हणाले, तुमची त्या वाडीतून बदली झाली ना, मग तिथल्यापुरत्या निवृत्तच की. म्हणून लिहिते. वाडी पिशोरच्या पुढं, डोंगराला टेकलेली, ऐंशी उंबऱ्यांची. तिला इथं सालईवाडी म्हणते. गावाचं नाव आणि माणसांची नावं बदलली आहेत. चुका माझ्या आहेत, त्या बदललेल्या नाहीत.

माझे वडील छापखान्यात होते आणि चळवळीतही होते. दिवसा लग्नपत्रिका जुळवायचे आणि संध्याकाळी मोर्च्यांची पत्रकं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. वर्गातली मुलं 'अ अननसाचा' म्हणत होती तेव्हा मला 'अ अन्यायाचा' पाठ होता. जग बदलायचं तर आधी एक जोरदार मथळा हवा, अशी माझी पक्की समजूत होती. आजही ती पूर्ण गेलेली नाही.

त्यामुळं एका छोट्या संस्थेनं मला वणव्याच्या तयारीसाठी सालईवाडीत पाठवलं, तेव्हा मी पहिल्या महिन्यात काय केलं असेल? पत्रक काढलं. मथळा होता, 'जागे व्हा, जंगल जळतंय!' त्याखाली सालईवाडीच्या शूर बंधू-भगिनींना साद, मग ज्या डोंगरानं पिढ्या पोसल्या त्याचं ऋण, मग गवत, चारा, पाणी, मध, मोर, लांडगा. शेवटची ओळ ठळक अक्षरांत : 'जो वणवा लावील त्याला गाव कधीही माफ करणार नाही!'

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शेवटची ओळ जमलीय."

आग लागल्यावर काय करायचं त्याचीही योजना होती. मोबाइलवर एक गट काढला. त्याला वाडीनं प्रेमानं सांभाळलं, म्हणजे रोज सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कोणाच्यातरी साखरपुड्याची पत्रिका आणि संध्याकाळी हरवलेली म्हैस. एकदा शेजारच्या गावाच्या वणव्याचा फोटो मी टाकला, तर त्याखाली वीसेक जणांनी हात जोडले. कोणालाच वाटलं नाही की हा फोटो म्हणजे कुठंतरी निघायचं बोलावणं आहे. शिवाय वाडीत रेंज यायची ती एकाच ठिकाणी, मारुतीच्या देवळामागच्या शिळेवर उभं राहिलं की. तिथं कायम कोणीतरी सासुरवाडीशी बोलत असायचं.

मग राहिला देवळावरचा भोंगा. तो सांभाळायचे दगडूमामा. मामा पूर्वी गावचे कोतवाल होते, दवंडी देणं हा त्यांचा जन्माचा हुद्दा. आवाज असा की भोंगा नसता तरी चाललं असतं. मी त्यांना आगीच्या वेळी वाचायचा मजकूर लिहून दिला. मजकूर म्हणजे अर्थात पत्रकच, जरा आटोपशीर करून. सगळ्यात शेवटी एक गाळलेली जागा ठेवली होती : 'आग ........ येथे लागली आहे. त्वरित पोहोचावे.' आग लागली की तेवढी जागा भरायची. मला ही युक्ती फार शास्त्रशुद्ध वाटली होती.

मामांनी कागद दोनदा वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाले, "ताई, असा मजकूर म्या नोकरीत असताना एकदाबी आला नाय."

मी ते कौतुक समजले.

पहिला वणवा लागला तो फाल्गुनातल्या एका दुपारी. मी शाळेच्या ओट्यावर बसून बायकांच्या बैठकीची नोंद लिहीत होते. मान वर केली तर दक्षिणेकडच्या उतारावर धूर. पांढरा असता तर बांधावरचा पालापाचोळा म्हणून सोडून दिला असता. हा पिवळट, जाड आणि तिरका होता. पिवळट धूर म्हणजे गवत पेटलं, तिरका म्हणजे वर वारा आहे. मी देवळाकडं पळाले. मामा तयारच. मी गाळलेल्या जागेत घाईनं लिहिलं, 'दक्षिणेकडील वनक्षेत्र'. नकाशात तसंच होतं.

मामांनी भोंगा सुरू केला, घसा साफ केला, आणि सुरुवात केली ती माझ्या मजकुराच्याही आधीपासून. "ऐका हो ऐका, सरपंच, पोलीस पाटील, समस्त ग्रामस्थ मंडळी, माता-भगिनी, तरुण मित्र..." मग माझं पत्रक. काय वाचलं त्यांनी! 'ज्या डोंगरानं आपल्या पिढ्या पोसल्या' इथं त्यांचा आवाज भरून आला. मी शेजारी उभी होते आणि खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. आग डोंगर चढत होती आणि मी माझी वाक्यं ऐकत होते.

मजकूर संपला. मी सुटकेचा श्वास घेतला. मामांनी पान परत वर घेतलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

"मामा, झालं की वाचून!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून आले. "दवंडी तीनदा असती, ताई."

दवंडी तीनदाच असते. पूर्वी गावाच्या तीन ठिकाणी जाऊन ती द्यायची. आता भोंगा एकाच जागी असला तरी कोतवालाचा हिशेब तोच. तीन वेळा, पहिल्या अक्षरापासून.

तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत पारावर चौघेजण जमले होते. त्यातल्या दोघांनी धुतलेले सदरे घातले होते. एक जण म्हणाला, "मिटिंग कुठं हाय, शाळंत का देवळात?" 'बंधू-भगिनींनो' कानावर पडलं की मिटिंग असते, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. पुढचं ऐकायची गरजच नव्हती. आणि ज्यांनी शेवटपर्यंत ऐकलं ते विचारत होते, "दक्षिणेकडचं वनक्षेत्र म्हंजी कोणतं?" त्या बाजूला डोंगराला सहा सोंडा आहेत. माणसं दोन वेगवेगळ्या सोंडांवर चढली आणि दोन्ही चुकीच्या निघाल्या.

आग होती म्हसोबाच्या माळावर. तिथं सोनाआत्याचं वाडगं होतं.

सोनाआत्या धनगराची. साठीची, उंच, हाडापेरानं काठीसारखी. सगळी वाडी तिला आत्याच म्हणते, तिच्या वयाची माणसंसुद्धा. तिचा मुलगा मोठा कळप घेऊन लांब चराईला गेलेला असे आणि ती थोड्या मेंढ्या घेऊन मागं. नुकती जन्मलेली कोकरं मेंढ्यांबरोबर चालू शकत नाहीत. त्यांना काट्यांच्या कुंपणाच्या वाडग्यात कोंडून ठेवतात. दुपारी ती मेंढ्यांना पाजायला पलीकडच्या ओढ्यावर गेली होती. तिथून तिला माळाच्या पायथ्याला धूर दिसला. ओढा आणि वाडगं यांच्यामध्ये खोल दरा. उतरून चढायला अर्धा तास. वाडीतली माणसं मात्र पाऊण हाकेवर. म्हणून ती दऱ्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं वाडीकडं तोंड करून हाळी दिली. पुन्हा दिली. घसा फुटेपर्यंत दिली.

वाडीत ती कोणालाही ऐकू आली नाही, कारण वाडीत माझा भोंगा चालू होता.

शेवटी ती स्वतःच दरा उतरून गेली. पोचली तेव्हा कुंपणाच्या काट्यांनी पेट घेतला होता. दोन कोकरं तिनं बाहेर काढली. उजवा तळवा भाजला. अकरा राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा आग वर निघून गेली होती आणि ती राखेत बसली होती. ती मामांना म्हणाली, "दगडू, कामून एवढं बोलत व्हतास रं?"

मामा टोपीतला कागद काढून हातात धरून उभे राहिले. मी लिहून दिलाय असं ते म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मी दोन दिवसांनी तिच्याकडं गेले. माफी मागायची तर काय बोलायचं ते मनात जुळवत गेले होते, तीन परिच्छेद झाले होते. ती मेंढीचं दूध वाटीतून कोकराला पाजत होती. डाव्या हातानं. उजव्याला हळदीचं फडकं.

मी सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, "तुझा कागद लई चांगला व्हता म्हणत्यात. मला वाचाय येत नाय." मग कोकराकडंच बघत, "पण पोरी, आग लागली कुठं हे सगळ्यात मागं कामून?"

पत्रकात असंच असतं. आधी माणूस हलवायचा, मग त्याला सांगायचं कुठं जमायचं.

"ऊठ," ती म्हणाली. "त्या पल्याडच्या धोंड्यावर जा. आन् तिथनं मला हाक मार."

मी दरा उतरून पलीकडं गेले. चांगली दमले. धोंड्यावर उभी राहून ओरडले, "सोनाआत्या, मी इथं आलेय, ऐकू येतंय का?" ती शांत बसलेली. मी पुन्हा ओरडले. तिनं कानाजवळ हात हलवला, ऐकू येत नाही म्हणून. मग ती उठली, भाजलेला हात तोंडाजवळ नेला आणि आवाज आला. मोठा नव्हता. लांब होता. "दोन बहिनीऽऽऽ!" मी उभी होते त्या जोडधोंड्यांचं ते नाव. मग ती थांबली. मी काय करायचं ते मला कळेना. पुन्हा आलं, "दोन बहिनीऽऽऽ!" आणि पुन्हा थांबली. शेवटी मी तेच ओरडले, जमेल तसं लांबवून. तेव्हा कुठं पुढचा निरोप आला. "पानीऽऽ घेऊन येऽऽ!"

मी ओढ्यावरून तांब्या भरून परत आले, तेव्हा ती हसत होती. "तू लई वाक्यं वरडती. वाऱ्यात वाक्य टिकत नाय. जागा टिकती."

ती रीत अशी आहे, आणि मी ती इथं नीट लिहून ठेवते, कारण कुठल्याही नियमपुस्तिकेत मला ती सापडली नाही. आधी जागेचं नाव हाकारायचं. एकटं. मग गप्प बसायचं. पलीकडच्यानं तेच नाव परत हाकारलं म्हणजे जागा पोचली. मग काम सांगायचं, दोन शब्दांत. पलीकडून जागा परत आली नाही तर काम सांगायचंच नाही, पुन्हा जागाच हाकारायची. सगळ्यात अवघड काय, तर मधलं गप्प बसणं. "नुसतं वरडाय कुनालाबी येतं," आत्या म्हणाली. "ऐकाय थांबलं पायजे."

मी म्हटलं, "आणि बंधू-भगिनींनो?"

"ते येऊ दे की मागनं चालत."

पुढचा महिनाभर मी तिच्या मागं मेंढ्यांबरोबर हिंडले. ती दर उताराचं, दर टोकाचं नाव सांगायची आणि मी वहीत टिपायची. म्हसोबाचा माळ, दोन बहिणी, हंड्याचा दरा, कोरडी पायरी, गिधाडटोक. नकाशात जिथं एक आकडा होता तिथं तिच्याकडं सात नावं होती. तिनं मला डोंगर दिला, असं म्हटलं तर ते पत्रकातलं वाक्य वाटेल, पण मला दुसरं सुचत नाही. ज्या बाईची कोकरं माझ्या चुकीनं गेली, तिनं महिनाभर रोज माझ्यासाठी पाय हळू उचलले.

याच दिवसांत भाऊसाहेब मला गाठायला आले. म्हसोबाच्या माळाच्या पायथ्याशी त्यांचं शेत. घरचा एक भाऊ शहरात कंपनीत, हे इथं अद्रक आणि गहू बघायचे. सज्जन माणूस, बोलताना सतत ठिबकच्या नळीचा तुकडा हातात फिरवायची सवय. त्या दिवशी तो तुकडा त्यांनी पार चेमटून टाकला होता.

"ताई, आग म्या सगळ्यात पहिली बघितली व्हती."

"मग?"

"माझ्याच बांधावरनं गेली. बांध साफ कराया पेटवला, आन् वारा फिरला. गोणपाट भिजवून झोडपत व्हतो एकटाच."

"हाक का नाही मारली?"

त्यांनी खाली बघितलं. "देवळाच्या भिंतीवर तुमचा कागद हाय ना. गाव कधीही माफ करणार नाही. म्हटलं, इझली तर कुनाला कळायचं बी नाय."

ती ठळक ओळ. जमलेली ओळ. भाऊसाहेबांनी धूर बघितला आणि मी बघितला, यात चांगला अर्धा तास गेला होता. त्या अर्ध्या तासात आग बांधावरच मेली असती.

मी त्यांना एवढंच म्हटलं की हे मला सांगून उपयोग नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे, पण एकट्यानं जायचं धाडस होत नाही. आम्ही दोघं सोनाआत्याकडं गेलो. भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं, हात जोडले. ती घोंगडीचा दोरा ओढत ऐकत होती.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "धूर तुझ्याच बांधाचा व्हता. मला काय डोळे नाय का?"

"आत्या, मग बोलली का नाय?"

"तू बोलायची वाट बघत व्हते." मग तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "पेटली तर पेटली. वरडायचं नाय व्हय रं? अकरा व्हती माझी! एक हाळी दिली असती तर!"

भाऊसाहेब रडले. ती रडली नाही. तिनं सांगितलं की दर माघात तिच्या वाडग्याभोवती जाळरेषा काढून द्यायची, स्वतःच्या हातानं, मजूर लावून नाही. भाऊसाहेब आजही काढतात. पहिल्या वर्षी तिनं ती पायानं मोजली आणि "अजून चार पावलं" म्हणून परत कामाला लावलं.

मग ग्रामसभेत मी उभी राहिले आणि पत्रकातली शेवटची ओळ मागं घेतली. सालईवाडीचा नवा नियम मी मांडला : पहिल्या दिवशी 'कोणी लावली' हा प्रश्न विचारायचा नाही. ज्याच्या हातून लागली त्यानंच सगळ्यात आधी हाक मारायची, आणि त्या हाकेचं गाव उपकार मानेल. कायद्याचं जे असेल ते आग विझल्यावर. यावर बराच गलका झाला. एक जण म्हणाला, "उद्या कुनीबी पेटवंल आन् हाक मारंल!" सोनाआत्या बायकांमधून म्हणाली, "मारू दे. हाक मारणारा पळून जात नसतो."

घरी बाबा भडकले. "तत्त्व मागं घेतलंस? दोषीला मोकळा सोडलास?"

"बाबा, दोषीला सोडलं नाही. त्याला हाक मारायला मोकळं केलं."

ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मथळा काय केलास?" मी सांगितलं, मथळाच नाही. जागेचं नाव, बस. ते म्हणाले, "म्हणजे गाळलेली जागा वर आली." आमच्या घरात यालाच समेट म्हणतात.

सगळ्यात अवघड गेलं ते दगडूमामांना. भोंग्यावर फक्त जागेचं नाव घ्यायचं, तीनदा, आणि मग भोंगा बंद करून ऐकायचं. "बंद?" मामा म्हणाले. "कोतवालानं तोंड बंद ठिवायचं?" त्यांनी सराव केला. पहिल्या वेळी सवयीनं 'सरपंच, पोलीस पाटील' निघून गेलं आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात मारला. वाडी हसली. मीही हसले, आणि मग मलाच लाज वाटली, कारण त्या म्हाताऱ्या माणसानं जन्मभराची रीत माझ्या एका चुकीसाठी मोडायला घेतली होती.

पुढच्या वर्षी चैत्रात दुसरी आग लागली. भाऊसाहेबांच्या शेतात गव्हाची मळणी चालू होती. यंत्राच्या धुराड्यातून ठिणगी उडाली, भुशात पडली, आणि त्या बाजूचा वारा तिला घेऊन थेट गवतात गेला. मी देवळाच्या पायरीवर मामांबरोबर शेंगा खात होते. खालून आवाज आला, चिरका, सराव नसलेला, पण लांब.

"म्हसोबाचा माऽऽऽळ!"

मामा शेंगा टाकून उठले. तिथूनच ओरडले, "म्हसोबाचा माऽऽऽळ!"

"आऽऽग! माझ्या मळणीतनंऽऽ! वर चढतीऽऽ!"

'माझ्या मळणीतनं' हे सांगायची काहीच गरज नव्हती. ते नियमातही नव्हतं. भाऊसाहेबांनी ते स्वतःहून घातलं होतं.

मामांनी भोंगा सुरू केला. "म्हसोबाचा माळ. म्हसोबाचा माळ. म्हसोबाचा माळ." आणि बंद केला. वाडी एकदम शांत झाली. त्या शांततेत कडेच्या घरातून कोणीतरी नाव परत हाकारलं, मग विहिरीवरून, मग शाळेमागून. माणसं निघाली. कोणी सदरा बदलला नाही.

पण वरून काहीच येत नव्हतं. माळावर सोनाआत्या होती, वाडगं होतं, आणि त्या वर्षी वाडग्यात चौदा कोकरं होती. मामांनी पुन्हा भोंगा लावला, पुन्हा बंद केला. आम्ही ऐकत थांबलो. चिमण्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मामा, परत लावा." ते म्हणाले, "ऐकू दे, ताई." इतकं लांब गप्प बसणं मी आयुष्यात केलेलं नाही.

आणि मग दऱ्याच्या पलीकडून, आम्ही जिकडं बघतही नव्हतो तिकडून आलं, "दोन बहिनीऽऽऽ!"

मामा आणि मी दोघंही एकदम ओरडलो. "दोन बहिणीऽऽऽ!"

"सगळी हायेतऽऽऽ!"

मामा पायरीवर बसले आणि टोपीनं तोंड पुसत राहिले. मी चढायला निघाले.

आग जाळरेषेपाशी थबकली. एका जागी ठिणगी पट्टा ओलांडून पडली, पण तिथं आधीच सहा जण फांद्या घेऊन उभे होते. त्यांत भाऊसाहेब होते, भुवया जळलेल्या. कुंपणाचे काटेसुद्धा जळले नाहीत. सोनाआत्या चौदाही कोकरं दोन खेपांत दऱ्यापलीकडं घेऊन गेली होती. घोंगडीत बांधून, पाठीवर, काखेत.

मी विचारलं, "आत्या, आम्ही एवढं ओरडत होतो, तुम्ही जागा परत का नाही दिलीत? जीव गेला ना आमचा."

"पदर दातात धरला व्हता, त्यात दोन पिल्लं," ती म्हणाली. "वरडू कशानं?" मग भाऊसाहेबांकडं वळून, "आवाज बरा हाय रं तुजा. गेल्या साली कुठं ठिवला व्हता?"

भाऊसाहेब हसले. मला वाटतं त्या दिवशी त्यांना माफी मिळाली. गावाकडून, आणि मग बहुतेक स्वतःकडूनही.

आता मी दौलताबादच्या बाजूच्या गावांत हेच काम करते. देवळाच्या, मशिदीच्या भिंतीवर मी आता मोठ्या अक्षरांत फक्त जागांची नावं लिहून घेते, म्हाताऱ्या माणसांना विचारून. पत्रकं मी अजून लिहिते. अन्यायावर लिहिते, आणि जोरात लिहिते. पण कुठं उभं राहून लिहितेय ते पहिल्या ओळीत सांगते.

सालईवाडीतून निघाले त्या दिवशी मामांनी मला माझा तो जुना कागद परत दिला, टोपीच्या घामानं पिवळा झालेला. "ठिवा, ताई. मजकूर चांगला हाय." भाऊसाहेबांनी अद्रकाची पिशवी दिली. सोनाआत्या आली नाही. मेंढ्या वर होत्या, ती वर होती. मी वडाच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले. गाडी आली, थांबली, मी पिशव्या आत ठेवल्या, आणि डोंगरावरून आवाज आला.

"वडाचा फाटाऽऽऽ!"

मी एक पाय पायरीवर ठेवून वळले आणि परत हाकारलं, "वडाचा फाटाऽऽऽ!" गाडीतली माणसं डोकी बाहेर काढून बघायला लागली. मी कामाची वाट बघत थांबले. नीट, शिकवल्यासारखी, गप्प. वरून काहीच आलं नाही. गवत हलत होतं.

कंडक्टर म्हणाला, "काय म्हणत्यात हो, ताई? काही राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "पोचलं."